झांस्कर स्वतःची स्वतः उतरायची आहे? आधी हे वाचा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: इंदूरचे सहा मित्रमैत्रिणी, वय २७ ते ३५. ऋषिकेशला तीनदा राफ्टिंग झालंय, कोलाडला एकदा. तुमच्यातला एक जण वर्षभरापासून कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, शिकतोय. येत्या ऑगस्टमध्ये लडाखमधली झांस्कर नदी पदुम ते निम्मू अशी कुठल्याही कंपनीशिवाय उतरायची आहे. राफ्ट किती फुटी भाड्याने घ्यावी, रेशन किती न्यावं आणि किती पैसे वाचतील, हे तीन प्रश्न.

तिन्हींची उत्तरं देतो. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट आलीच नाही आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. तुम्ही चार वेळा नदी उतरलात, त्या चारही वेळा नदी दुसऱ्या कुणीतरी वाचली. मागे बसलेला गाईड 'फॉरवर्ड' म्हणाला की तुम्ही वल्ही मारलीत, 'स्टॉप' म्हणाला की थांबलात. रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या पाण्याच्या टप्प्याच्या, दोनशे मीटर आधी तो उभा राहून काय बघत होता, डावीकडची मोठी, फेसाळ, फोटोत छान दिसणारी लाट सोडून उजवीकडच्या गुळगुळीत पाण्याकडे का गेला, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सांगायला वेळही नसतो. म्हणून चार वेळा जाऊनही तुमचा अनुभव प्रवाशाचा आहे. प्रवासी म्हणून कितीही वेळा गेलात तरी त्यातून गाईड तयार होत नाही.

मी इंदूरचाच. पोहायला महेश्वरच्या घाटावर शिकलो, केवटांच्या पोरांबरोबर नर्मदेच्या सहस्रधारेत. पुढे एकवीस वर्षं राफ्ट गाईड म्हणून काढली, गंगा, अलकनंदा, टोन्स, काली आणि झांस्करवर. आता हिवाळ्यात सहस्रधारेला मुलांना कयाक शिकवतो. तुमचा उत्साह मला अगदी आतून कळतो, म्हणून 'जाऊ नका' म्हणणार नाही. कसं जायचं ते सांगतो.

काही गोष्टी मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. त्या वर्षी बर्फ किती पडलं, ऑगस्टमध्ये ऊन किती कडक आहे, तुमच्यातले कोण पाण्यात पडल्यावर शांत राहतात आणि कोण गडबडतात, यावर खूप काही अवलंबून आहे. शेवटची गोष्ट तर तुम्हालाही अजून माहीत नसेल. ती आधी माहीत करून घ्यावी लागते.

नद्यांच्या रॅपिडला एक ते सहा अशा श्रेणी देतात. झांस्कर बहुतेक ठिकाणी तिसऱ्या श्रेणीची आहे, पाणी चढलं की काही जागा चौथ्या श्रेणीत जातात. हे वाचून तुम्ही लिहिलंय, 'आम्ही ऋषिकेशला तिसरी श्रेणी सहज केली आहे.' इथेच बहुतेकांची गफलत होते. ही श्रेणी पाणी किती अवघड आहे ते सांगते. पडल्यानंतर काय होईल ते तिच्यात पूर्ण येत नाही. शिवपुरीहून ऋषिकेशला येताना 'रोलर कोस्टर' नावाच्या रॅपिडमध्ये राफ्ट उलटली तर पुढे शांत पाणी आहे, वाळूचा काठ आहे, मागेपुढे आणखी दहा राफ्ट आहेत आणि वर हमरस्ता आहे. कोलाडला कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं, तेही ठरलेल्या वेळी, आणि पाणी कोमट म्हणावं इतपत. झांस्करच्या घळीत दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत. कितीतरी ठिकाणी पाण्यातून बाहेर पडायला काठच नाही. कड्यावर आपटून परतणारं पाणी खालून उकळल्यासारखं वर येतं आणि पोहणाऱ्याला मध्येच गोल फिरवत ठेवतं. म्हणून दूरच्या नदीवर आम्ही कागदावरच्या श्रेणीत मनातल्या मनात एक मिळवतो. तिथली तिसरी म्हणजे तुमची ऋषिकेशची चौथी समजा. ऋषिकेशच्या वरचा 'द वॉल' हा रॅपिड आठवतो? तो चौथ्या श्रेणीचा आहे. तुमच्या गाईडने तिथे तुम्हाला राफ्टमधून उतरवून काठाने चालवलं असेल, तर त्याने ते का केलं याचा विचार करा.

निम्मू-पदुम रस्ता आता झालाय, तेव्हा नदी दूरची राहिली नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला, हे खरं. पण घळीत पाण्यातून वर मान करून बघा. रस्ता डोळ्यांना दिसतो, पाय तिथवर पोचत नाहीत.

आता गार पाण्याबद्दल. हे सविस्तर सांगतो, कारण हे पुस्तकात वाचून कळत नाही.

नऊ वर्षांपूर्वी झांस्करवरच, दुसऱ्या दिवशी, आमची एक राफ्ट उलटली. मी मुख्य गाईड होतो. जेवणानंतर सामान बांधायला उशीर झाला. तिथेच मुक्काम करायला हवा होता, पण पुढचा चांगला तळ गाठायचा म्हणून मी निघायचं ठरवलं. साडेचार वाजता पाणी सकाळपेक्षा बरंच चढलेलं होतं. कड्यावरून तिरपी परतणारी लाट राफ्टला आडवी लागली आणि क्षणात राफ्ट पालथी. सात जणांनी बाजूचा दोर पकडून ठेवला. आठवा सुटला. तिशीचा, तब्येतीने उत्तम, रोज तलावात किलोमीटरभर पोहणारा. अंगावर वेटसूट होता, लाइफ जॅकेट घट्ट होतं. मागच्या राफ्टमधून थ्रो बॅग, म्हणजे दोर भरलेली पिशवी, फेकली, दोर अचूक त्याच्या छातीवर पडला. त्याने हात वर केला, दोरावर ठेवला, आणि मूठ मिटलीच नाही. बोटं ऐकत नव्हती. शेवटी सेफ्टी कयाकर, म्हणजे पडलेल्यांना वाचवायला कयाकमधून बरोबर असणारा माणूस, त्याच्याजवळ गेला, जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा धरून त्याला एका छोट्या एडीत, म्हणजे खडकामागच्या संथ पाण्यात, ओढून आणलं. आठ-नऊ मिनिटं तो पाण्यात होता. ओले कपडे काढून, कोरडं करून, दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळून, गिळता यायला लागल्यावर गरम गोड चहा देऊन दोन तासांनी तो नीट बोलायला लागला. हातपाय चोळायचे नसतात, तेव्हा माझ्याच टीममधला एक जण चोळायला लागला होता, त्याला थांबवावं लागलं.

चूक माझी होती आणि ती रॅपिडमध्ये झाली नाही, दुपारी तळावर झाली.

गार पाण्याचा हिशेब साधारण असा धरतात: पहिलं एक मिनिट श्वास सावरण्यात जातं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. यातली दहा मिनिटं हीच तुमची पुंजी. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात बोटं त्याहूनही आधी जातात. म्हणून दोर फेकता येणं पुरेसं नाही. दोर धरता येणार नाही अशा माणसाला कसं आणायचं, हे सहाही जणांना आलं पाहिजे. तुमच्या यादीत दोन गोप्रो कॅमेरे आहेत. थ्रो बॅग एकही नाही.

पाणी दुपारी का चढतं, हेही समजून घ्या. हिमनद्यांच्या नदीत सकाळचं ऊन वर बर्फावर पडतं, वितळलेलं पाणी तुमच्यापर्यंत यायला काही तास लागतात. म्हणून पाणी पहाटे सर्वांत कमी आणि दुपार-संध्याकाळी जास्त. जितकं खाली जाल तितकी ही वेळ पुढे सरकते. खालच्या भागात रात्रीसुद्धा पाणी वाढतं. तळ टाकताना ओल्या वाळूची रेघ बघून तिच्याहून चांगलं उंच जायचं आणि राफ्ट दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधायच्या. झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवायचा. मी अजून रात्री दोनदा उठून तो दगड बघतो.

इंदूरच्या माणसाला अचानक वाढणारं पाणी नवं नाही. २०११ च्या जुलैत पातालपाणीच्या धबधब्यात अचानक पाणी वाढून माणसं कशी वाहून गेली ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. एप्रिल २००५ मध्ये नर्मदेकाठच्या धाराजीच्या जत्रेत, भर उन्हाळ्यात, वरच्या धरणातून आलेल्या पाण्याने स्नानाला उतरलेली कितीतरी माणसं नेली. २०१४ मध्ये बियासच्या पात्रात फोटो काढणारे २४ विद्यार्थी असेच गेले. आभाळ निरभ्र असणं हा नदी सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. पाणी वरून येतं, तेव्हा वर काय आहे हे निघण्याआधी विचारायचं: धरण, हिमनदी की दरड. झांस्करचंच उदाहरण घ्या. पदुमजवळ जिचं पाणी झांस्करला मिळतं त्या त्सरापच्या खोऱ्यात २०१४ च्या शेवटच्या दिवशी दरड कोसळून नदी अडली, मागे मोठा तलाव साचला आणि ७ मे २०१५ ला तो फुटला. पूल वाहून गेले. असा लोंढा गेला की खडक हलतात, नवीन रॅपिड तयार होतात, जुने बुजतात. म्हणून तुम्हाला कुणी दिलेला दहा वर्षांपूर्वीचा नकाशा मार्गदर्शक म्हणून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. पदुमला पोचल्यावर त्याच आठवड्यात नदी उतरलेल्या माणसाशी बोला.

आता तुमच्या प्रश्नांकडे.

सहा जणांसाठी दोन राफ्ट लागतील. एकच घेऊन जाण्याचा विचार सोडून द्या, ती उलटली की मदतीला उरतं कोण? एक चौदा फुटी, वल्ही मारायची, आणि एक सोळा फुटी, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट आणि दोन लांब वल्ही असलेली, सामानासाठी. दोन्हींचा तळ पाणी आपोआप बाहेर टाकणारा हवा. मेख अशी की सामानाची भरलेली राफ्ट एकट्याने वल्हवणं हे वेगळंच कौशल्य आहे. ती जड असते, वळायला वेळ घेते, म्हणून तिची दिशा रॅपिडच्या खूप आधी ठरवावी लागते. हे तुमच्यापैकी कुणी एकदाही केलेलं नाही. शिवाय पंप, पॅचचं सामान, एक जादा वल्हं प्रत्येक राफ्टमागे, चार थ्रो बॅगा, कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), पुली आणि खडकावर अडकलेली राफ्ट ओढायचा न ताणणारा दोर. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. खडकाला चिकटलेली राफ्ट सहा जण हातांनी ओढून निघत नाही. पुली लावून तिप्पट ताकद कशी मिळवायची ते आधी जमिनीवर, झाडाला दोर बांधून, वीस वेळा करून बघा.

रेशनचं सोपं आहे. जितके दिवस ठरलेत त्यात एक दिवस मिळवा. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही, म्हणून प्रेशर कुकर न्याच. पोहे, शेंगदाणे, चिक्की, गूळ भरपूर. शेव न्यायची असेल तर हवाबंद डब्यात, नाहीतर पहिल्याच दिवशी ओली होईल. इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि लेह साडेतीन हजारांवर. विमानाने गेलात तर निदान दोन दिवस लेहला काहीही न करता राहा. डोकं दुखत असताना घेतलेला निर्णय पाण्यावर महाग पडतो.

फोनबद्दल एक सूचना. इथलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेही घळीत नाही. आणि कुणाच्या परदेशातल्या भावाकडून सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेश पाठवणारं यंत्र मागवू नका. परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्यावरून लोक विमानतळावर पकडले गेले आहेत.

कयाक शिकणाऱ्या मित्राबद्दल तुम्ही लिहिलंय की त्याला रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं, जमतो. तलावात की वाहत्या पाण्यात? तलावात श्वास भरून, ठरवून उलटं होणं आणि लाटेने न विचारता उलटं करणं यांत फार अंतर आहे. माझा निकष सांगतो: वाहत्या पाण्यात, नको तेव्हा उलटं झाल्यावर दहापैकी नऊ वेळा तो वर यायला हवा, दोन्ही बाजूंनी. तोवर तो सेफ्टी कयाकर नाही. तोवर त्यालाच सेफ्टीची गरज आहे. हे त्याला प्रेमाने सांगा, तो शिकतोय याचं मला फार कौतुक आहे. पण इतर पाच जणांचा जीव त्याच्यावर सोपवणं त्याच्यावरही अन्याय आहे.

पैसे वाचतील का? थोडे. पण राफ्ट पदुमपर्यंत नेणं, निम्मूला गाडी बोलावणं, लेहचे जादा दिवस आणि वर लिहिलेलं सामान धरलं तर तुम्ही काढलाय तितका फरक उरत नाही.

मग काय करा? या ऑगस्टमध्ये झांस्करला जाच, पण गाईड आणि सेफ्टी कयाकर असलेल्या टीमबरोबर, आणि आधीच सांगून ठेवा की आम्हाला शिकायचंय. बुकिंगच्या वेळी विचारा की सेफ्टी कयाकर किती, गाईडने ही नदी यंदा उतरली आहे का, आणि पाणी चढलं तर एक दिवस थांबायची तयारी आहे का. तिसऱ्या प्रश्नाला जो लगेच 'हो' म्हणेल त्याच्याबरोबर जा. नदीवर प्रत्येक रॅपिडच्या आधी गाईडने मार्ग सांगण्यापूर्वी तुम्ही मनात मार्ग आखा, मग त्याच्याशी ताडून बघा. रोज संध्याकाळी सहाही जणांनी तो दिवस वाळूत रेघा काढून पुन्हा मांडा. यातून तुम्ही चार दिवसांत जे शिकाल ते ऋषिकेशच्या दहा फेऱ्यांत मिळणार नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष द्या. वाहत्या पाण्यातल्या बचावाचं आणि प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण निदान तिघांनी घ्या. मग एखाद्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भारत-नेपाळ सीमेवरची काली, जौलजीबी ते टनकपूर. मोठं पाणी, पण वाळूचे रुंद काठ, आणि उलटल्यावर सावरायला जागा. तिथे गाईडला मागे बसवून सुकाणू तुमच्या हाती घ्या. ते नीट झालं की स्वतःच्या झांस्करबद्दल पुन्हा बोलू.

आणि थांबायला शिका. १९७७ मध्ये एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन समुद्रापासून गंगेतून वर निघाले होते. नंदप्रयागजवळ धबधबा आडवा आला तिथे त्यांनी बोटी थांबवल्या आणि पुढचा प्रवास जमिनीवरून केला. एव्हरेस्टवर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही. तुमच्या सहा जणांत एक नियम आत्ताच करून टाका: एकानेही 'मला हा रॅपिड नको' म्हटलं, तर त्याला कारण विचारायचं नाही, त्याने काठाने चालायचं. आणि दोघांनी म्हटलं तर सगळ्यांनीच थांबून पुन्हा बघायचं.

सुरुवात मात्र लडाखला नाही, घरापासून नव्वद-एक किलोमीटरवर होऊ शकते. खेलो इंडियाच्या पाण्यातल्या स्पर्धा झाल्या ती सहस्रधारा महेश्वरपासून जवळच आहे. जानेवारीत, आधी वरच्या धरणातून पाणी सुटणार आहे का ते विचारून, सहाही जण या. पहिल्या दिवशी राफ्ट आणणारच नाही. लाइफ जॅकेट घालून धारेत उतरायचं. पाठीवर, पाय पुढे आणि पायांची बोटं पाण्याच्या वर, हे ऋषिकेशला तुम्हाला शिकवलंच असेल. त्याच्या पुढचं तिथे शिकवत नाहीत: योग्य जागा आली की पालथं होऊन, प्रवाहाला तिरपं, जीव तोडून पोहत एडीत घुसायचं. श्वास लाटेच्या माथ्यावर घ्यायचा नाही, दोन लाटांमधल्या खळग्यात घ्यायचा. गुडघ्याहून खोल वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. खडकाच्या फटीत पाय अडकला तर प्रवाह माणसाला पुढे लोटून पालथा पाडतो आणि कमरेएवढ्या पाण्यातही बुडवतो. प्रत्येकाने दहा वेळा एडी पकडायची, दहा वेळा दोर फेकायचा, दहा वेळा दोर धरायचा. संध्याकाळपर्यंत कोण शांत राहतं हे तुम्हालाच एकमेकांबद्दल कळलेलं असेल.

चप्पल किंवा पट्ट्याचे सँडल नकोत. जुने, नाडीचे, पायाला घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट आणा, तिथला काळा दगड पाण्याखाली फार धारदार आहे.